लाल दिवा

“...मग माझ्यात कमी काय आहे, उस्ताद?”

मौलाली उस्तादांनी हातातली वायर सोलणं थांबवलं नाही. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. जत तालुक्यातल्या एका माळावर त्यांच्या शेडखाली शिकून गेलेले कारागीर पार विजापूरपर्यंत दुकानं मांडून बसले होते. बसवराज त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. त्याला आता स्वतःचं दुकान हवं होतं, आणि उस्ताद हो म्हणत नव्हते.

“तुझं चुकतं, तेव्हा तुला कोण सांगतं, बसू?”

“कोणी नाही.”

“का?”

“चुकतच नाही, उस्ताद. एक तरी तक्रार आलीय का माझ्या कामाची?”

उस्तादांनी दुसरी वायर सोलायला घेतली.

सूर्य कलला होता. तेवढ्यात रस्त्यावरून एक जुनी जीप आत वळली. दिवे लावलेले होते, पण निखाऱ्यावर राख साचावी तसे मंद. चालवत होत्या रत्नमाला सिस्टर, आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स. मागे मेंढपाळ वस्तीवरची बायाक्का कळा सोसत आडवी पडली होती. तिची सासू तिचा हात धरून बसली होती, आणि नवरा नि दीर मागच्या पायरीवर लटकले होते.

“चाचा, बॅटरी पुन्हा बसली! ढकलून सुरू केलीय. पुढं घाट आहे, अंधार पडेल, आणि मूल आडवं आहे. तालुक्याला न्यायलाच पाहिजे हिला.”

बसवराजचा चेहरा उतरला. ही बॅटरी त्यानंच कालपरवा चार्ज करून बसवली होती.

तो मीटर घेऊन धावला. दोन्ही टोकं बॅटरीला लावली.

“सिस्टर, रेस वाढवा.”

इंजिन गुरगुरलं. मीटरचा काटा साडेअकरा व्होल्टवर होता, तिथंच राहिला.

“चालू गाडीत चौदाच्या आसपास यायला हवा. हा चढतच नाही. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच मेला, उस्ताद.”

“तू तपासला होतास ना?”

“तपासला होता. लाल दिवा लागत नव्हता. चार्जिंग बिघडलं, की तो लागतो. लागला नाही, म्हणून म्हटलं, सगळं ठीक आहे.”

“दुसरा अल्टरनेटर आहे आपल्याकडे?”

“या जीपचा नाही...”

मागून बायाक्काचं कण्हणं आलं. सासू पुटपुटू लागली, “बिरोबा, सांभाळ रे.”

उस्ताद उठले. जीपजवळ आले.

“सिस्टर, गाडी बंद करा.”

“चाचा! बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही!”

“बंद करा.”

इंजिन थांबलं. माळावर एकदम शांतता पसरली. बायाक्काचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“आता फक्त किल्ली फिरवा. स्टार्टर मारू नका... बसू, काय दिसतं?”

“काही नाही.”

“लाल दिवा?”

“नाही लागला.”

“स्क्रूड्रायव्हर घे. अल्टरनेटरच्या पाठीला, मधोमध लाव.”

बसवराजनं लावला. हात सैल सोडला. स्क्रूड्रायव्हर निसटून खाली पडला.

उस्तादांनी डॅशबोर्डच्या मागे हात घातला. चाचपडत एक बोटाच्या पेराएवढा बल्ब ओढून काढला. त्याची काच आतून काळी पडली होती. डब्यातून तसाच दुसरा घेऊन त्यांनी तो दाबून बसवला.

डॅशबोर्डवर लाल ठिपका उजळला.

“आता लाव.”

बसवराजनं स्क्रूड्रायव्हर पुन्हा जवळ नेला. टेकायच्या आधीच तो त्याच्या बोटांतून हलकाच पुढं सरकला... आणि लोहचुंबकाला चिकटावा तसा चिकटला. इंजिन बंद होतं. काहीही फिरत नव्हतं. तरी त्या थंड लोखंडात कुणीतरी जागं झालं होतं.

बसवराजच्या अंगावर काटा आला. त्यानं ओढून पाहिला. लोखंडानं परत ओढला.

“उस्ताद... हे...”

“नंतर. ढकल.”

नवरा, दीर, बसवराज, तिघांनी खांदा लावला. उताराला जीपनं वेग धरला आणि इंजिन पेटलं. बसवराजनं पळत जाऊन मीटर लावला. बारा... तेरा... चौदा.

“दिवे लावा, सिस्टर. मोठे. पंखाही लावा.”

काटा थोडा खाली आला, आणि थांबला. साडेतेराच्या खाली गेला नाही. समोरच्या बाभळी पांढऱ्याशुभ्र उजेडात उभ्या राहिल्या. लाल ठिपका विझला होता.

“जा,” उस्ताद म्हणाले.

जीप घाटाकडे गेली. तिचा उजेड वळणावळणानं वर चढताना दिसत होता. तो दिसेनासा झाला तरी बसवराज तिथंच उभा राहिला.

सकाळी सिस्टर परत आल्या. डोळे तांबारलेले, पण हसत. “मुलगी झाली. सिझर करावं लागलं, पण दोघी बऱ्या आहेत.”

त्या चहा घ्यायला बसल्या. बसवराज जीपमध्ये जाऊन बसला. त्यानं किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन सुरू केलं. दिवा विझला. बंद केलं, पुन्हा किल्ली फिरवली. लाल... मग पुन्हा विझला. देवळात बसावं तसा तो बसला होता.

बऱ्याच वेळानं तो उस्तादांपाशी आला.

“उस्ताद, अल्टरनेटर सगळ्या गाडीला वीज देतो. बॅटरीलासुद्धा.”

“हो.”

“पण त्यातलं चुंबक जागं व्हायलाच आधी बॅटरीकडून चिमूटभर वीज घ्यावी लागते. आणि ती येते या दिव्यातून. बिघाड दाखवणाऱ्या दिव्यातून...”

“हो.”

“आणि तोच जळालेला होता. मी अंधार बघितला, आणि म्हटलं, ठीक आहे. तक्रार आली नाही की म्हणतो, तसंच.”

उस्ताद चहा पीत राहिले.

“पण उस्ताद, गाडी चांगली असते तेव्हाही तो विझलेलाच दिसतो. मग मी ओळखायचं कसं?”

उस्तादांनी कप खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“लागून विझला, की कधी लागलाच नव्हता... एवढंच विचारत जा.”