शेंदराखालचे नख

एका राज्यात देव कमी आणि शेंदूर फार, अशी गत होती. दिसेल त्या दगडाला शेंदूर, उंबरठ्याला शेंदूर, राजाच्या शस्त्रांचे तर विचारूच नका. त्या राज्यात एक यंत्रधनुष्य होते. लाकडी दांड्यावर आडवी पोलादी कमान. दोरी मागे ओढून लोखंडी नखात अडकवायची, खालचा खटका दाबला की नख मागे पडे आणि बाण सुटे. दर खंडेनवमीला या नखावर शेंदराचे नवे लिंपण चढे. सात पिढ्यांचा तो थर. जो खरवडेल त्याची मान उडवावी, असा कायदा होता.

धनुष्य मूळचे कालकंठ जादूगाराचे. राजा वज्रकेतूच्या पूर्वजाने ते त्याच्या खजिन्यातून पळवले, तेव्हा जादूगाराने शाप दिला, "याला जिवंत बाईच्या केसांचीच दोरी चालेल. दोरीचे पदर तीन. पदर तुटेल तसा तिचा प्राण ओसरेल. खोट कुठे आहे ते पाहणारा तुमच्यात निपजेपर्यंत हे असेच चालेल." शिवाय दर नवमीला तो आपल्या डोंगरावरून तांब्याचे गिधाड धाडी. त्याची सावली राजवाड्यावर पडली तर राज्यातल्या विहिरी आटायच्या. म्हणून त्याआधी ते बाणाने पाडावे लागे, आणि पुढल्या वर्षी ते पुन्हा येई.

सध्या धनुष्यावर दोरी होती ती शस्त्रपाल मल्हणाच्या बायकोच्या, गुणाईच्या केसांची. तिचे केस गुडघ्यापर्यंत, म्हणून राजाज्ञा तिच्या दारी आली. चढलेली दोरी तुटल्यावाचून उतरत नसे. पहिल्या नवमीला एक पदर तुटला आणि गुणाईची वाचा गेली. दुसऱ्या नवमीला दुसरा तुटला आणि पाय गेले. आता एकच पदर उरला होता आणि नवमी आठ दिवसांवर आली होती.

शस्त्रागाराच्या खिडकीत एक साळुंकी येई. ती बोलत असे. मल्हणाने तिला विचारले, "दोरी कशी वाचेल?"

"तीन कामे कर. पहिले, वेताळकड्यावरच्या आग्या मोहोळाचे मेण आण."

मल्हणा गेला. माश्यांनी असे फोडले की डोळे सुजून मिटले, पण मेण आणले. ते दोरीला चोळले, भीत भीत दोरी ओढून नखात अडकवली आणि हातात धरूनच सैल सोडली. मधोमध दोन केस तुटलेच. घरी आला तर गुणाई छातीवर हात दाबून बसली होती.

"दुसरे काम," साळुंकी म्हणाली, "पाताळविहिरीतल्या नागाची कात आण."

नागाने कात दिली आणि बदल्यात मल्हणाची झोप मागून घेतली. कात दोरीला मधोमध गुंडाळली, दोरी ओढली. सुरीने कापावी तशी कात कापली गेली आणि आतले पाच केस गेले. त्या सांजेला गुणाईच्या हातून पाण्याचा तांब्या पडला. तिची बोटे वळत नव्हती.

अष्टमी उजाडली. मल्हणा म्हणाला, "तिसरे काम सांग. आता आजचाच दिवस उरला आहे."

"ते सर्वांत जवळ आहे आणि त्यात मान जाते, म्हणून मागे ठेवले. इतके दिवस तू दोरीकडे पाहिलेस. दोरी जिथे अडकते तिथे पाहा."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे चालले होते तर. भर दुपारची वेळ. बाहेर पहारेकरी सोंगट्या खेळत होते. त्याने दाराला आतून कडी घातली. लोखंडाला ओरखडा पडू नये म्हणून बांबूची कामटी घेतली आणि पहिला थर उचकटला. शेंदराचे पापुद्रे निघत गेले आणि खाली नख दिसले. त्याच्या ओठावर गंज चढला होता आणि धारेला करवतीसारखे बारीक दाते पडले होते. मल्हणाने त्यावरून रेशमाचा धागा ओढला. धागा अडकला आणि तुटला. त्याला रडू आले आणि रागही आला. बोटभर लोखंड कोणी पुसले नाही, म्हणून त्याच्या घरात दोन वर्षे शब्द नव्हता.

कुरुंदाच्या दगडाने त्याने दाते घासले आणि धागा ओढून पाहिला. अडकला. पुन्हा घासले, पुन्हा अडकला. मग कातड्याने चोळ चोळ चोळले, तेव्हा धागा सुळकन निघून आला. खटक्याच्या खिळीला थेंबभर तेल दिले आणि लगेच पुसून घेतले, कारण तेलाला धूळ धरते. दोरीला मात्र फक्त मेणच लावले. पण उरलेला पदर निम्मा पिंजला होता. तो उद्या टिकेल का, हे सांगायला साळुंकीही थांबली नव्हती.

नवमीला राजा आला. उघडे लोखंड पाहून त्याचा चेहरा उतरला.

"शेंदूर कोणी काढला?"

"मी, महाराज."

"शिक्षा ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. आधी बाण सोडावा, मग मान घ्यावी."

वाद घालायला वेळ नव्हता. तांब्याचे गिधाड वेशीवर आले होते आणि सावली रस्त्यावरून सरकत होती. राजाने दोरी ओढून नखात बसवली, बाण ठेवला, नेम धरला. मल्हणाने डोळे मिटून घेतले. खटका दाबला गेला. तुटल्याचा आवाज येईल म्हणून तो कान देऊन उभा होता, पण आवाज आला तो गिधाड खंदकात कोसळल्याचा. खोट पाहणारा निपजला होता, शाप फिटला, आणि त्याच क्षणी डोंगरावर कालकंठाचा काळा दगड झाला.

राजाने दोरीवरून बोट फिरवले. एकही केस तुटला नव्हता. मग त्याने नखावरून बोट फिरवले.

"सात पिढ्या आम्ही काय पुजत होतो?"

"वरचा थर, महाराज."

राजाने मल्हणाची शिक्षा माफ केली. पुढे दवंडी पिटली गेली की नवमीला आधी नख घासून पुसावे, मग गंधाचे एक बोट लावावे. ती ऐकायला मल्हणा तिथे नव्हता. तो घराकडे पळत सुटला होता.

गुणाई दाराची चौकट धरून उभी होती, आपल्या पायांवर. तिने त्याच्याकडे पाहिले, त्याच्या कोपरापर्यंत शेंदराने माखलेल्या हातांकडे पाहिले, आणि दोन वर्षांनी तोंड उघडले.

"अहो, आधी हात धुऊन या. मी पान वाढते."

मल्हणा पायरीवरच बसला आणि हुंदके देऊन रडला. मग उठला आणि मुकाट्याने हात धुवायला गेला.