पुढची लिफ्ट

लोकांची पोरं कडेवर वागवून जिची कंबर वाकली, त्या आमच्या कौसाबाईला कोणी हलकं समजू नये. ती कामाला जायची त्या टॉवरचे चेअरमन देवस्थळी. त्यांनी पाटी लावली: कामवाल्यांनी मागच्या, कचऱ्याच्या लिफ्टने जावे.

एका सकाळी कौसाबाई ती सांभाळायची त्या अकराव्या मजल्यावरच्या तान्ह्या अन्वयला घेऊन पुढच्या लिफ्टमध्ये शिरली. आत देवस्थळी.

"बाई, बाहेर व्हा. पुन्हा इथे दिसलात तर गेटपास रद्द करीन."

गेटपास गेला की काम गेलं. कौसाबाईने विचारलं, "बाळालाही कचऱ्यातून नेऊ?"

"छे, तो रहिवासी आहे. तो इथूनच जाईल."

"बरं झालं सांगितलंत," म्हणत तिने पोर त्यांच्या हातात दिलं आणि ती मागच्या लिफ्टकडे निघून गेली.

लिफ्ट मजल्यामजल्याला थांबत अकराव्यावर पोचली, तेव्हा पोर टाहो फोडत होतं आणि साहेबांचा इस्त्रीचा शर्ट ओला झाला होता. कौसाबाई दारात उभीच होती. पोर घेत ती म्हणाली, "संध्याकाळी याला बागेत न्यायचंय, साहेब. तुम्ही किती वाजता येताय?"

दुपारच्या आत पाटी उतरली.