चिठ्ठी कुठल्या पानावर?

अरबी-हिब्रू विभाग ठेवायचा की गुंडाळायचा, हे ठरवायला समितीचे अध्यक्ष धारवाडकर विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरले, तेव्हा विभागप्रमुख रिबेका पेणकरबाई त्यांच्यासोबत होत्या.

"शेवटच्या पानावरची पुस्तक परतीच्या तारखांची चिठ्ठी बघितली, की मला सगळं कळतं," म्हणत धारवाडकरांनी एक जाडजूड अरबी पुस्तक उचललं आणि मराठी पुस्तकासारखा मागचा पुठ्ठा उघडला. "चिठ्ठीच नाही! कुणी वाचतच नाही, तर विभाग हवा कशाला?"

बाईंनी तेच पुस्तक दुसऱ्या बाजूने उघडलं. चिठ्ठी तारखांच्या शिक्क्यांनी गच्च भरली होती.

"सर, अरबी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. तुम्ही पहिल्याच पानावर निकाल दिलात. आमची मुलं शेवटपर्यंत वाचतात."