रुग्णांच्या रांगेतला वैद्य

एकदा एका नदीकाठच्या गावात तापाची साथ आली. गावात एक वयोवृद्ध वैद्य होते आणि त्यांच्या हाताखाली अच्युत नावाचा शिष्य. साथीत अच्युतचा धाकटा भाऊ माधव आजारी पडला. अच्युतने स्वतःच्या हाताने त्याला काढे पाजले, त्याच्या उशाशी बसून राहिला. पण माधव वाचला नाही. सुतक फिटताच अच्युत कामावर परतला. गुरुजींनी आणखी काही दिवस घरीच राहायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, की मी बरा आहे. इतकी माणसे आजारी असताना बसून कसे चालेल?

तो पूर्वीपेक्षा दुप्पट काम करू लागला. लोक कौतुक करीत. पण त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अंथरुणाला पाठ टेकली, की छाती धडधडू लागे. दिवसभर आपण दात आवळून धरले होते, हे संध्याकाळी जबडा दुखू लागला म्हणजे त्याला कळे. साथ ओसरली की सारे ठीक होईल, असे तो स्वतःला समजावी. साथ ओसरली. काहीही ठीक झाले नाही.

एके सकाळी सोनाई नावाची म्हातारी गुडघ्यांचे औषध कसे घ्यायचे ते पुन्हा विचारू लागली. अच्युत तिच्यावर असा खेकसला, की ओसरीवरची सारी माणसे वळून पाहू लागली. म्हातारी मुकाट्याने बाहेर गेली आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसली.

गुरुजी उठले. त्यांनी अच्युतच्या हातातला खल काढून घेतला, त्याचा दंड धरून त्याला ओसरीवर नेले आणि सोनाईच्या शेजारी, रुग्णांच्या रांगेत बसवले. मग ते आत गेले.

अच्युतला मेल्याहून मेल्यासारखे झाले. उठून निघून जावे असे वाटले, पण गुरूची आज्ञा मोडवेना. सोनाईने सरकून त्याला जागा करून दिली. थोड्या वेळाने तिने विचारले, "तुला काय होतंय रे बाळा?"

काही नाही, असे म्हणायला त्याने तोंड उघडले, पण ते शब्द बाहेर पडेनात.

"झोप लागत नाही, आजी," तो म्हणाला. "डोळे मिटले की माधवचा श्वास ऐकू येतो."

म्हातारीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

त्याची पाळी आली. गुरुजींनी नाडी धरली. अच्युत खालमानेने म्हणाला, की मी आजींवर ओरडलो, त्याची शिक्षा मला मान्य आहे.

"ही शिक्षा नव्हे," गुरुजी म्हणाले. "आजारी माणूस जिथे बसतो, तिथे मी तुला बसवले. झोप नाही, अन्न नको, छातीत धडधड, क्षुल्लक कारणाने संताप. दुसऱ्या कुणी ही लक्षणे सांगितली असती, तर तू त्याला काम थांबवायला लावले असतेस. स्वतःच्या बाबतीत मात्र काम करत राहणे हेच कर्तव्य समजलास. मनावरचा ताण वेळीच ओळखला नाही, तर तो असा दुसऱ्याच माणसावर कोसळतो."

"माधव माझ्या हातून गेला, गुरुजी."

"मीही त्याला रोज तपासत होतो. माझेही उपाय थकले होते." गुरुजींनी त्याची नाडी सोडली. "या दुःखावर माझ्याकडे औषध नाही. पण घरी जा. दोन घास खा, झोप आली नाही तरी पडून राहा. आणि आईजवळ बस. तिचाही मुलगा गेला आहे."

अच्युतने सोनाईची क्षमा मागितली आणि तो घरी गेला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नुसतीच बसली होती. माधव गेल्यापासून दोघांनी एकमेकांसमोर त्याचे नाव काढले नव्हते. दुसऱ्याला त्रास नको, असे प्रत्येकाला वाटत होते. अच्युत तिच्याजवळ टेकला आणि मोठ्या कष्टाने म्हणाला, "आई, मला त्याचा श्वास ऐकू येतो."

आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"मलाही येतो," ती म्हणाली.

मग दोघेही रडले. दुःख होते तेवढेच राहिले. पण त्या दुपारी, तिथेच जमिनीवर, आईच्या शेजारी अच्युतचा डोळा लागला.