बघ्यांचा काठ

त्या राज्यात खेळून पोट भरता येत असे. पूर्वी तसे नव्हते. पूर्वी मुंगी वेचत असे, सुगरण विणत असे, घार घिरट्या घालून दमत असे, आणि खेळणे हे पिलांचे काम होते. मग कधीतरी वाऱ्याला एक छंद लागला. कोणी कोणाला बघत थांबलेले दिसले की तो तिथे रेंगाळू लागला, आणि रेंगाळता रेंगाळता ज्याला बघितले जात आहे त्याच्या दारात त्याचे त्याचे अन्न लोटू लागला. माकडासाठी तो फांदी हलवी, खारीसाठी शेंगा झाडी, पाण्यातल्यांसाठी लहर उठवून मासे काठाला आणी. जितके डोळे आणि जितका वेळ, तितके अन्न. असे का, हे त्याला कोणी विचारले नाही. विचारले असते तरी वारा काही हिशेब द्यायला थांबणाऱ्यांपैकी नव्हता.

या उद्योगाला एक रीत होती. खेळणाऱ्याने खेळाच्या काठावर राहायचे आणि बघ्यांनी बघ्यांच्या. मधे नदी. ती ओलांडून एकमेकांकडे जाणे बरे दिसत नसे. बघ्यांना वाटे, आपण गेलो तर त्याला संकोच होईल. खेळणाऱ्याला वाटे, आपण गेलो तर मागायला आलो असे वाटेल. त्यामुळे वर्षानुवर्षे एकमेकांच्या जिवावर जगणारी ही मंडळी एकमेकांना कधी भेटलेली नव्हती.

डुंब्या नावाचे पाणमांजर असेच खेळून जगत होते. नदीच्या वरच्या अंगाला काळ्या कातळात एक वेडीवाकडी घळ होती. तिच्यातून पाणी उसळत खाली येई. पहिल्या वळणावर भोवरा, पुढे आडवी झुकलेली मुळी, त्याच्यापुढे दोन दगडांमधली अशी फट की अंग चोरले नाही तर सालटे निघायचे. एक वळण जमले की पुढचे त्याहून अवघड. डुंब्या पिलू होता तेव्हापासून या घळीतून घसरत आला होता, आणि सगळी वळणे पार झाली की खालच्या संथ डोहात बुडी मारून वर येत होता. वर आला की मिशा झटकायच्या, दम खायचा आणि पलीकडे बघून विचारायचे, "जेवलात का सगळी?" हे त्याने मुद्दाम ठरवलेले नव्हते. त्याची आई दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारत असे, तेच त्याच्या तोंडी बसले होते. मग आज भोवऱ्याने कशी फिरकी घेतली, मुळी कशी नाकाला लागता लागता राहिली, असे काहीबाही तो सांगत बसे आणि पुन्हा घळीकडे जाई.

पलीकडच्या लव्हाळ्यात त्याला डोळे दिसत, चेहरे दिसत नसत. फार नव्हते ते डोळे. पण रोज होते, आणि रोज थोडे मासे काठाला लागत. माय-लेकाचे भागत होते. मामा आला तर त्याचेही भागे.

मामा खालच्या घाटावर मगरीकडे ओंडके ओढायच्या कामाला होता. तिथे मासे ठरलेले मिळत, वारा असो वा नसो. येईल तेव्हा तो डुंब्याच्या दारात बसून डुंब्याचेच मासे खात म्हणे, "खेळून कुणाचं पोट भरलंय, ताई? वेळीच घाटावर पाठवून दे त्याला." आई त्याच्यापुढे आणखी एक मासा ठेवी. तिला मुलाचा अभिमान वाटत होता आणि काळजीही. दोन्ही एकाच पोटात नांदत होती.

अशात एक सरडा आला. वाऱ्याचा स्वभाव आपल्याला कळतो असे तो मान वरखाली करत सांगे, आणि इतक्या आत्मविश्वासाने मान हलवणाऱ्याला कोणी अडवत नाही. त्याने डुंब्याचा खेळ बघितला आणि तो हळहळला.

"केवढी विद्या आणि केवढी हेळसांड!" तो म्हणाला. "अरे, घसरण्याआधी कातळावर उभा राहा, डोळे फाड, तोंड वासून ओरड की आज काही मी वाचत नाही. मुळीला आपटला नाहीस तरी आपटल्यासारखा विव्हळ. आणि ते जेवलात का वगैरे सोड. वारा तेवढा थांबत नाही."

डुंब्याला ते पटले असे नाही. पण आईच्या दाताखाली हल्ली मोठा मासा येत नव्हता, हेही त्याला दिसत होते. दुसऱ्या दिवशी तो कातळावर उभा राहून ओरडला.

आणि काय सांगावे, पलीकडचे लव्हाळे डोळ्यांनी भरून गेले. हरणे आली, रानडुकरे आली, कोल्हे आपली भांडणे अर्धवट सोडून आले. वारा असा घोंघावला की काठाला मासे मावेनात. मामाने घाटावर दोन दिवस खाडा केला आणि "मी म्हणतच होतो, पोरात काहीतरी आहे" असे जाहीर केले. डुंब्या रोज मरत होता आणि रोज वाचत होता. वर येऊन मिशा झटकायलाही त्याला सवड नव्हती. डोके वर काढले की तो लगेच पुढच्या मरणाकडे धावे. गर्दीत आपले जुने डोळे कुठे गेले, हे बघायचे त्याच्या मनात एकदा-दोनदा आले, पण राहून गेले.

मग वारा फिरला. खालच्या वळणावर एक माकड आपल्याच डोक्यावर नारळ फोडू लागले होते. एका सकाळी डुंब्या कातळावरून ओरडला तेव्हा त्याला पलीकडे नुसते गवत दिसले आणि ते खालच्या दिशेला वाकलेले होते. त्या दिवसापासून तो उठला की आधी गवत बघू लागला. पाणी कसे आहे, भोवरा कुठे सरकला आहे, हे तो बघेनासा झाला. घळीत शिरताना पूर्वी पोटात ज्या गुदगुल्या होत त्याही कधीतरी थांबल्या, आणि थांबल्याचे त्याला कळलेसुद्धा नाही.

"आता वरच्या कड्यावरून उडी," सरडा म्हणाला. "नारळाला तेच एक उत्तर आहे."

डुंब्याने उडी मारली. खाली पाणी होते तसा दगडही होता. त्याचा पुढचा पंजा दगडावर आपटला. आईने त्याला मानेला धरून बिळात ओढत आणले तोवर सरड्याचा रंग बदललेला होता, आणि संध्याकाळी तो माकडाच्या झाडाखाली मान हलवताना दिसला.

डुंब्या बिळात पडून राहिला. ताप चढला, उतरला, ओरडून ओरडून आधीच घोगरा झालेला आवाज पार बसला. आई रोज थोडे मासे आणून त्याच्यापुढे ठेवी. घरात खेळणारे कोणी नाही, तर मासे कुठून येतात, असे त्याने विचारले.

"काठाला येतात," आई म्हणाली. "आलेल्या घासाला नाव-गाव विचारू नये."

डुंब्याला वाटले, ती आपल्यापासून लपवते आहे. या वयात ती स्वतः धारेत उतरत असणार. तिची पाठ तर आताच वाकली होती. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी त्याने मामाला निरोप पाठवला की मी घाटावर येतो.

घाटावर जाणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. तिथे गेलेला परत खेळत नसे. कोणी मनाई करत नसे. ओंडक्याखाली आखडलेली पाठ घळीच्या वळणांत वळतच नसे. निघताना त्याने घळीकडे बघितले नाही. आईने त्याचा दुखरा पंजा चाटला आणि म्हणाली, "लांब जातोयस. वेळेवर खात जा." एवढे बोलून ती काठाकडे निघून गेली, कारण तिला रडताना कोणी बघितलेले आवडत नसे.

घाटाची वाट पलीकडच्या काठाने होती. उथळ जागी दगडांवरून लंगडत डुंब्याने नदी ओलांडली आणि जन्मात पहिल्यांदा तो बघ्यांच्या काठावर आला. लव्हाळ्याजवळ पोहोचला तो थबकला. तिथे एक सपाट खडक होता आणि खडकावर, डोहाकडे तोंड करून, काही मंडळी बसली होती. एक म्हातारे कासव. एक टिटवी. आणि सगळ्यांपासून बाजूला एक साळिंदर.

त्यांनी वळून त्याच्याकडे बघितले, पण ओळखले नाही. कोरडा, धुळीने माखलेला, तीन पायांवर उभा असलेला डुंब्या त्यांनी कधी बघितलेलाच नव्हता.

"दमलेले दिसता," साळिंदर म्हणाली. "बसा थोडं. पण अंतर ठेवून बसा हं. माझे काटे आहेत. जवळ कुणी बसत नाही."

उभे राहवत नव्हते. तो तिच्या शेजारच्या गवतात टेकला, काट्यांना लागून.

"काय बघताय?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारले.

"एक पाणमांजर येतं इथं."

"आज आलंय?"

"नाही. बरेच दिवस झाले."

"मग बसलाय कशाला?"

"आलं तर?" साळिंदर म्हणाली, आणि या पाहुण्याला जरा कमीच समजते असे तिला वाटले असावे.

डुंब्याने वर घळीकडे नजर टाकली. तो बघतच राहिला. त्या खडकावरून घळ दिसत नव्हती. मधे एक जुना उंबर होता आणि त्याच्या फांद्यांनी सगळे झाकले होते. भोवरा नाही, मुळी नाही, दोन दगडांमधली फट नाही. ज्या फटीत अंग चोरायला शिकताना त्याची अर्धी कातडी गेली होती, ती इथल्या कोणी कधी बघितलीच नव्हती. समोर होता तो फक्त डोह.

"ते वर करतं तरी काय?" त्याने विचारले.

"देव जाणे," कासव म्हणाले. "पाणी आपटल्याचा आवाज तेवढा येतो. मधे फार आरडाओरड असायची. तेव्हा गर्दीही अशी, की मला नुसत्या शेपट्या दिसायच्या. ती गेली सगळी. आम्ही आपले परत पुढं येऊन बसलो."

"आवाज थांबतो ना," टिटवी म्हणाली, "तेव्हा जीव नुसता टांगणीला लागतो. वाटतं, आता काही खरं नाही. आणि मग तिथं, त्या पांढऱ्या दगडापाशी, डोकं वर येतं."

"आणि?"

"आणि मिशा झटकतं," साळिंदर म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला. "आणि विचारतं, जेवलात का सगळी."

"एवढंच?"

"दिवसभरात मला दुसरं कोणी विचारत नाही," साळिंदर म्हणाली. "मी उत्तर देते त्याला. काय खाल्लं ते सांगते. पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू जात नसणार. पण आपण सांगावं."

डुंब्याच्या मनात आले, आपण इतकी वर्षे विचारत होतो, आणि उत्तर येत होते. मधल्या दिवसांत आपण विचारलेच नव्हते, आणि तरी ही इथे शेपट्यांच्या मागे बसून होती. त्याला तिच्याकडे बघवेना.

मंडळी पुन्हा रिकाम्या डोहाकडे बघू लागली. तेवढ्यात लव्हाळे जरासे हलले. वारा होता. मोठा नव्हे, जेमतेम पान हलेल एवढा, पण तो आला आणि त्या खडकापाशी रेंगाळला. मग या काठावरून एक बारीक लहर उठली आणि संथपणे डोह ओलांडून पलीकडे गेली. पलीकडे पाण्यात काही चमकले. कोरड्या काठावर उभी असलेली एक वाकलेली पाणमांजरीण खाली झुकली आणि तिने दोन-तीन मासे उचलून घेतले.

डुंब्याने लहर बघितली. मग त्याने वळून एकेकाचे डोळे बघितले, टिटवीचे, कासवाचे, साळिंदरीचे. ते कोणी लहरीकडे बघत नव्हते. सगळे पांढऱ्या दगडाकडे बघत होते.

तो उठला.

"निघालात? घाटाकडे?" साळिंदरीने विचारले.

"हो. म्हणजे, नाही. जरा पाण्याकडे जाऊन येतो."

"जपून हं," ती म्हणाली. "दगड निसरडे आहेत तिथं. सवय नसली की पाय घसरतो."

लव्हाळ्याच्या आडून तो पाण्यात उतरला. पंजा ठणकला. घळीपर्यंत चढून जाणे शक्यच नव्हते. ओरडायला आवाज नव्हता आणि दाखवायला खेळ नव्हता. त्याने नुसती बुडी मारली. खाली गार, हिरवट उजेड होता, कान भरून येणारी शांतता होती, आणि पोटात, कितीतरी दिवसांनी, गुदगुल्या झाल्या. तीन पायांनी पाणी कापत तो पांढऱ्या दगडापाशी आला आणि त्याने डोके वर काढले.

मिशा झटकल्या. दम खाल्ला.

"जेवलात का सगळी?" शब्द अर्धे घशातच राहिले.

खडकावर एकाच वेळी सगळ्यांचा रोखलेला श्वास सुटला. तो त्याला ऐकू आला. कासवाने मान होती तेवढी बाहेर काढली, टिटवी जागच्या जागी उडाली. आणि साळिंदर हरखून शेजारच्या पाहुण्याकडे वळली, "बघा! आलं की नाही? मी तुम्हाला म्हटलं नव्हतं..."

शेजारी कोणी नव्हते. तिच्या काट्यांना लागून दबलेले गवत सावकाश सरळ होत होते.