झुपकीच्या गिटारीची किंमत

माणसं जंगलात सहलीला नुकतीच येऊ लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. जांभळीखाली कुणीतरी एक जुनी, लहान अंगाची गिटार विसरून गेलं आणि झुपकी नावाच्या खारीने तिच्या पोटात पिल्लांसह संसार थाटला. वारा आला की तारा गुणगुणत आणि पिल्लं झोपी जात.

एके दिवशी साळुंकी म्हणाली, "अगं, मौल्यवान दिसतेय ही. किंमत तरी करून घे!"

झुपकीला राहवेना. तिने जाणकारांना बोलावलं.

सुतारपक्ष्याने पाठीवर टकटक करत भोकच पाडलं. "लाकूड जुनं आहे. दहा फणस तरी येतील."

वाळवीकाकू अख्ख्या गोतावळ्यासह आल्या आणि एक बाजू फस्त करून म्हणाल्या, "शिसवीच आहे हो! आता शंभर फणसांना मरण नाही. पण खात्रीसाठी दुसरी बाजूही चाखावी लागेल."

"काकू, जरा बेताने," झुपकी काकुळतीला आली. पण शंभर फणस ऐकून तिचाही जीव हुरळला होता. तिने दुसरी बाजूही पुढे केली.

उंदीरमामांनी आत डकवलेली कारखान्याची चिठ्ठी चघळली. "शाई अस्सल!" त्यांनी निकाल दिला.

संध्याकाळी गवतात नुसत्या तारा उरल्या. पिल्लं उघड्यावर कुडकुडत होती. सुतारपक्ष्याने घसा खाकरला.

"अभिनंदन, झुपकीबाई! तुमची गिटार अमूल्य ठरली. अशी वस्तू आता शोधूनही सापडायची नाही."

झुपकीने एक पिल्लू तोंडात उचललं आणि ती ढोली शोधायला निघाली. तोंड भरलेलं असल्यामुळे जाणकारांचे आभार मानायचे तेवढे राहून गेले.