माणकांचा हंडा आणि भोपळ्याची वेल

एका राज्यात वेलींना राजाहून अधिक मान होता, आणि ही गोष्ट एकट्या राजाला ठाऊक नव्हती.

राजाचे नाव ध्वजसेन. त्याची एकुलती एक लेक शशिलेखा. रोज पहाटे, पानांवर दव असतानाच, ती मळ्यात जाई. गारठ्याने आखडलेले भुंगेरे एकेक वेचून ती मडक्यात टाकी.

"राजकन्येने किडे वेचायचे? लोक हसतील," राजा म्हणे.

"हसू देत, तात. वेलीला तर रडताही येत नाही."

एकदा मळ्यात नांगराच्या फाळाला तांब्याचा हंडा लागला. कुण्या मांत्रिकाने लाखेने तोंड बुजवून पुरलेला. जाणते म्हणाले, "महाराज, हे शापित धन. उघडू नये." पण बंद झाकण दिसले की राजेलोकांचे हात शिवशिवतात. ध्वजसेनाने लाख फोडली. आत माणकेच माणके. वारा लागताच माणकांना पाय फुटले, पंख फुटले, आणि तांबड्या भुंगेऱ्यांचा ढग मळ्यावर उतरला. त्याच क्षणी शशिलेखा झोपाळ्यावर बसल्या बसल्या निजली. तिचा प्राण दुधीच्या वेलीत गेला होता. तिकडे पान कुरतडले जाई, इकडे तिच्या गालांवरचा रंग उतरे.

सैनिकांनी वेलीवर राख धुरळली. भुंगेरे उडाले आणि परत बसले. राजा मळ्याच्या बांधावर जाऊन बसला. हे सारे आपल्याच हाताने झाले, हे त्याला पुरते कळत होते.

कुंपणावर बसलेला भारद्वाज पक्षी म्हणाला, "राजा, तीन पाने आण. भुंगेरा ज्याला शिवत नाही ते, ज्याला चाखून सोडतो ते, आणि ज्याच्यासाठी बाकी सारे सोडतो ते."

जन्मात कधी पान उलटून न पाहिलेला राजा चिखलात उकिडवा बसला. कारल्याच्या मांडवावर एकही भुंगेरा नव्हता. पहिले पान मिळाले. घोसाळ्याच्या पानांवर भुंगेरे बसत, दोन भोके पाडत आणि उडून जात. दुसरे मिळाले. तिसरे काही सापडेना. काकडी पाहिली, खरबूज पाहिले. सगळीकडे तांबडी दाटी. मग त्याला उमगले, की जिचे काहीच उरलेले नाही, तीच यांची सर्वांत लाडकी वेल. लाल भोपळ्याच्या वाफ्यात नुसते देठ उभे होते. एका ढेकळाआड मात्र नुकतेच उगवलेले एक रोप होते. राजाने त्याचे पान खुडले, तसे साऱ्या मळ्यातले भुंगेरे वळून पाहू लागले.

"आता निवड कर," भारद्वाज म्हणाला. "कारल्याचे पान लेकीच्या ओठी ठेवलेस तर ती जगेल. पण तिचा प्राण दुधीत, आणि कडू झालेला दुधी विषासमान. तिच्या तोंडी पुन्हा गोड शब्द येणार नाही. घोसाळ्याचे ठेवलेस तर अर्धी जागी राहील, अर्धी निजलेली."

"आणि भोपळ्याचे?"

"ते तू खायचे. भुंगेरे तिला सोडतील."

पुढे आपले काय होईल, हे राजाने विचारले नाही. त्याने पान खाल्ले. पायांना मुळे फुटली, बोटांचे वेलीसारखे तणावे झाले, तळहातांची रुंद पाने झाली. भुंगेरे दुधी सोडून त्याच्यावर तुटून पडले. फार दुखले. लेक रोज काय वाचवीत होती, ते त्याला आत्ता कळले.

पहाटे शशिलेखा जागी झाली. तात कुठे दिसेनात. सवयीने ती मळ्यात आली. मडके सापडेना, म्हणून तिने तांब्याचा हंडाच उचलला. समोर एक अनोळखी भोपळ्याची वेल, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत तांबडी.

"थांब हो बाई, आले मी," ती वेलीला म्हणाली.

राजाला हसू येत होते. पण वेलीला हसताही येत नाही.

दव होते तोवर तिने सारे भुंगेरे वेचले. शेवटचा हंड्यात पडला, तशी आत माणके खणखणली. तिने झाकण लावले आणि वेलीच्या जागी तात उभे राहिले. तिने त्यांचा हात धरला, आणि दोघेही रडली.

हंडा पुन्हा पुरला गेला. मळ्याच्या कडेने भोपळ्याची एक रांग भुंगेऱ्यांसाठी म्हणून लावली गेली, आणि पहाटे बाप-लेक तिथे वेचणी करू लागली. लोक हसत. राजा म्हणे, हसू देत.

त्याच्या तळहातांना मात्र भोके तशीच राहिली. तो आशीर्वादाला हात उचली, तेव्हा लेकीच्या केसांवर उन्हाचे कवडसे पडत.